नवे मूत्रपिंड, जुनी हाडे

विद्यार्थी मित्रांनो, पिंपरी, चिंचवड, भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यात राहणाऱ्या मुलांना सुटा भाग म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरची माणसे मोटारींचे, स्कूटरींचे, ट्रकचे सुटे भाग घडवण्याच्याच कामावर असतील. ट्रकची क्लच-प्लेट झिजली, तर ती काढून नवी बसवतात आणि ट्रक पुन्हा रस्त्याला लागतो. क्लच-प्लेट बदलली म्हणून त्याच ट्रकच्या चासीचे पोलाद ठिसूळ झाले, असे तुम्ही कधी ऐकले आहे का? नाही ना!

माणसाच्या शरीरात मात्र असे घडू शकते. निकामी झालेल्या मूत्रपिंडाच्या जागी काम करायला दुसऱ्याचे निरोगी मूत्रपिंड बसवतात, याला मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण म्हणतात. पुण्यातील अनेक रुग्णालयांत आणि आता पिंपरी-चिंचवडमध्येही अशा शस्त्रक्रिया होतात. मूत्रपिंड बसते पोटाच्या खालच्या भागात. पण काही दिवसांनी डॉक्टर त्या रुग्णाच्या कण्याची आणि खुब्याची तपासणी करायला सांगतात. मूत्रपिंड कोठे आणि खुबा कोठे! मग या दोहोंचा संबंध काय? तोच आज आपण पाहणार आहोत.

हाड म्हणजे दगड नव्हे

प्रथम हाडाची ओळख करून घेऊ. त्यासाठी एक सोपा प्रयोग करा. कोंबडीच्या तंगडीचे एक स्वच्छ केलेले हाड काचेच्या बरणीत ठेवा, त्यावर ते बुडेल इतके व्हिनेगर ओता आणि झाकण सैलसर लावा. दोन-तीन दिवसांनी व्हिनेगर बदलत जा. आठवड्याभराने हाड बाहेर काढून धुवा आणि वाकवून पाहा. ते रबरासारखे वाकेल! व्हिनेगरमधील आम्लाने हाडातले कॅल्शियमचे क्षार विरघळवून नेले आणि मागे उरला तो कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचा सांगाडा. याच्या उलट, हाड खूप तापवले तर प्रथिन जळून जाते आणि उरलेले हाड खडूसारखे ठिसूळ होते. (हा दुसरा भाग शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावा.) म्हणजे हाडाला बळकटी येते ती दोघांच्या भागीदारीतून: प्रथिनाच्या धाग्यांमुळे लवचिकपणा आणि क्षारांमुळे कठीणपणा. सळई आणि काँक्रीट यांची जोडी आठवा, म्हणजे हे पटेल.

परंतु काँक्रीट आणि हाड यांत एक मोठा फरक आहे. काँक्रीट निर्जीव आहे. हाड जिवंत आहे. त्यात रक्तवाहिन्या आहेत, मज्जातंतू आहेत आणि सतत काम करणाऱ्या पेशी आहेत. तुम्ही हा लेख वाचत असतानाही तुमच्या हाडांत कोठे ना कोठे खोदकाम आणि बांधकाम चालू आहे.

कधीही बंद न पडणारे दुरुस्तीखाते

कारखान्यात यंत्राची देखभाल करायची, तर बहुधा यंत्र थांबवावे लागते. हाडांना ही सवलत नाही. तुम्ही चालता, पळता, ओझी उचलता, तेव्हा हाडांत अतिसूक्ष्म चिरा पडत असतात आणि त्यांची दुरुस्ती चालू कामातच करावी लागते.

या दुरुस्तीखात्यात तीन प्रकारच्या पेशी आहेत. पहिल्या खोदणाऱ्या, त्यांना अस्थिभंजक पेशी म्हणतात. त्या आम्ल सोडून जुने हाड विरघळवतात. दुसऱ्या बांधणाऱ्या, म्हणजे अस्थिजनक पेशी. त्या खोदलेल्या खड्ड्यात नवे प्रथिन अंथरतात आणि मग त्यावर क्षार बसतात. तिसऱ्या पेशी हाडाच्या आतच गाडून घेतलेल्या असतात. हाडावर भार किती पडतो, चीर कोठे पडली, हे त्या ओळखतात आणि कोठे खोदायचे, कोठे बांधायचे याचा निरोप धाडतात. त्यांना या खात्यातले फोरमन म्हणा ना!

एका जागचे खोदकाम दोन-तीन आठवड्यांत उरकते. पण तोच खड्डा भरून काढायला तीन-चार महिने लागतात. हा फरक नीट ध्यानात ठेवा. पाडणे झटपट होते, बांधणे सावकाश होते. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे १० टक्के भाग दरवर्षी असा नव्याने घडवला जातो. जितके खोदले तितकेच बांधले, तर हिशेब जुळतो. बांधणारे हात कमी पडले, तर दर खड्ड्यागणिक थोडी उणीव राहते आणि हाड आतून विरळ होत जाते. या अवस्थेला अस्थिसुषिरता म्हणतात. सुषिर म्हणजे पोकळ, छिद्रे असलेले.

मूत्रपिंड आणि हाडे यांचे नाते

आता मूत्रपिंडाकडे वळू. मूत्रपिंड रक्त गाळते, हे तुम्ही शाळेत शिकला आहात. पण त्याचे आणखी एक काम आहे. उन्हामुळे आपल्या त्वचेत जीवनसत्त्व ड तयार होते, ते कच्च्या मालासारखे असते. यकृतात त्यावर पहिली प्रक्रिया होते आणि अखेरची प्रक्रिया प्रामुख्याने मूत्रपिंडात होते. मूत्रपिंडाची ही कामगिरी केंब्रिज येथील फ्रेझर आणि कोडिचेक या शास्त्रज्ञांनी १९७० साली दाखवून दिली. मूत्रपिंडातून बाहेर पडणारा हा तयार माल आतड्याला सांगतो, की अन्नातले कॅल्शियम शोषून घे.

मूत्रपिंड निकामी झाले, की हा माल तयार होत नाही आणि अन्नातले कॅल्शियम पुरेसे शोषले जात नाही. दुसरीकडे, लघवीवाटे बाहेर जायचे ते फॉस्फेट रक्तात साठत जाते. रक्तातले कॅल्शियम घसरणे शरीराला परवडत नाही, कारण हृदयाचे ठोके आणि स्नायूंची हालचाल त्यावर अवलंबून असते. मग गळ्यातील वाटाण्याएवढ्या चार परावटू ग्रंथी जाग्या होतात. त्यांचे संप्रेरक हाडांना हुकूम सोडते: ‘कॅल्शियम बाहेर काढा!’ शरीरातील सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांतच साठवलेले असते. घरात मिळकत थांबली, की ठेव मोडून खावी लागते, तसाच हा प्रकार.

म्हणून प्रत्यारोपणासाठी आलेल्या रुग्णाची हाडे बहुधा अगोदरच दुखावलेली असतात. नवे मूत्रपिंड बसल्यावर तयार जीवनसत्त्व ड पुन्हा मिळू लागते. पण वर्षानुवर्षे जादा काम करून फुगलेल्या परावटू ग्रंथी लगेच शांत होत नाहीत. कधी महिने लागतात, तर कधी वर्षाहून अधिक काळ. यकृत किंवा हृदय बदललेल्या रुग्णांच्या हाडांनाही धोका असतो. त्यांच्या बाबतीत दीर्घ आजार, अपुरा आहार आणि अंथरुणाला खिळून राहणे ही आधीची कारणे असतात. त्यानंतर येणारे कारण मात्र सर्वांना सारखेच आहे. ते म्हणजे औषधे.

पिंपरीचा सूक्ष्मजीव आणि त्याचे भाऊबंद

दुसऱ्याचा अवयव शरीरात आला, की आपली प्रतिकारशक्ती त्याला परका समजून त्यावर हल्ला करते. जगातले पहिले यशस्वी मूत्रपिंड-प्रत्यारोपण अमेरिकेत बॉस्टन येथे २३ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. जोसेफ मरे यांनी केले. ते यशस्वी झाले, कारण देणारा आणि घेणारा हे एकसारखे जुळे भाऊ होते. त्यामुळे अवयव परका ठरलाच नाही. भारतातील पहिले यशस्वी मूत्रपिंड-प्रत्यारोपण १९७१ साली वेल्लोर येथे झाले. पण प्रत्येकाला जुळा भाऊ कोठून आणायचा? प्रतिकारशक्तीला आवर घालणारी औषधे मिळाली, तेव्हाच हा मार्ग इतरांना खुला झाला.

यांतील काही नामांकित औषधे कोठे सापडली, ठाऊक आहे? मातीत! गंमत अशी, की मातीतल्या सूक्ष्मजीवांकडून औषध मिळवण्याच्या कामाशी पिंपरीचे जुने नाते आहे. बॉस्टनची ती शस्त्रक्रिया झाली त्याच १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स या सरकारी कंपनीची स्थापना झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने उभ्या राहिलेल्या या कारखान्यात १९५५ पासून पेनिसिलिन तयार होऊ लागले. पुढे डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी येथे हॅमायसिन नावाचे बुरशीनाशक औषध शोधले. ते ज्या सूक्ष्मजीवापासून मिळाले, त्याचे शास्त्रीय नाव आहे स्ट्रेप्टोमायसेस पिंप्रिना. होय, आपल्या पिंपरीचे नाव सूक्ष्मजीवशास्त्राच्या ग्रंथांत कोरले गेले आहे!

याच स्ट्रेप्टोमायसेस कुळातला एक भाऊबंद जपानमधील त्सुकुबा येथील मातीत सापडला. त्याचे नाव स्ट्रेप्टोमायसेस त्सुकुबेन्सिस. त्याच्यापासून १९८४ साली टॅक्रोलिमस हे द्रव्य मिळाले. प्रत्यारोपणानंतर आज फार मोठ्या प्रमाणावर दिले जाणारे औषध ते हेच. त्याच्या आधी आलेले सायक्लोस्पोरिन नॉर्वेतील मातीतल्या एका बुरशीपासून मिळाले होते. असली औषधे येण्यापूर्वी जवळजवळ सारी भिस्त ॲझाथायोप्रिन आणि स्टेरॉइड यांच्यावर होती. स्टेरॉइड आजही वापरले जाते, आणि हाडांची गोष्ट येथूनच पुढे सुरू होते.

औषधाची दुसरी बाजू

मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी बसलेली अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक बनवते. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड त्याच जातीचे, पण औषध म्हणून द्यायचे तर त्याची मात्रा बरीच अधिक असते. त्यामुळे प्रतिकारशक्ती शांत राहते आणि नवा अवयव वाचतो. मात्र हेच औषध हाड बांधणाऱ्या पेशींची संख्या कमी करते, त्यांचे काम मंदावते आणि आतल्या फोरमन पेशींनाही अकाली मारते. शिवाय आतड्यातून कॅल्शियम कमी शोषले जाते, लघवीवाटे जास्त निघून जाते आणि स्नायूही दुबळे होतात. दुबळ्या स्नायूंचा माणूस चटकन तोल जाऊन पडतो.

पाडणे झटपट आणि बांधणे सावकाश, हे आठवते ना? म्हणून ही झीज पहिल्या सहा ते बारा महिन्यांत सर्वांत वेगाने होते. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मूत्रपिंड मिळालेल्या रुग्णांच्या मणक्यांची घनता पहिल्या सहा महिन्यांतच सरासरी सुमारे ७ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. आता नव्या औषधांमुळे स्टेरॉइडची मात्रा लवकर कमी करता येते आणि झीजही पूर्वीइतकी होत नाही. पण धोका अजिबात गेला, असे मात्र नाही.

आता कल्पना करा. चाकणच्या एका कारखान्यात काम करणाऱ्या गृहस्थांना त्यांच्या आईने आपले एक मूत्रपिंड दिले. चार-पाच महिन्यांनी ते कामावर रुजूही झाले. मग कोणीतरी हितचिंतक सांगतो, “अहो, त्या गोळ्या हाडे खातात. सोडून द्या!” हा सल्ला ऐकला तर काय होईल? प्रतिकारशक्ती मोकाट सुटेल आणि आईने दिलेले मूत्रपिंड गमवावे लागेल. दुसरे असे, की बाहेरून स्टेरॉइड मिळत असल्याने अधिवृक्क ग्रंथी झोपी गेलेली असते. गोळी एकाएकी थांबली तर ती लगेच जागी होत नाही आणि जिवावर बेतू शकते. गोळीची मात्रा कमी करायची की नाही, किती आणि केव्हा, हे प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांनीच ठरवायचे. हाडे वाचवायची ती औषध सोडून नव्हे, तर औषध चालू ठेवून. ती वाचवता येतात, हीच या शास्त्राची कमाई आहे.

आतली पोकळी कशी शोधायची?

ओतकामाच्या कारखान्यात तुम्ही गेलात, तर एक अडचण तुम्हाला कळेल. ओतीव भाग बाहेरून गुळगुळीत दिसतो, पण ओतताना हवा अडकली असेल तर आत पोकळी राहते. वरून पाहून ती दिसत नाही. म्हणून महत्त्वाचे भाग क्ष-किरणांखाली तपासतात. हाडाचेही तसेच आहे. ते विरळ होत असताना दुखत नाही, सुजत नाही. पुष्कळदा पहिली खूण म्हणजे मोडलेले हाडच! कधी पाण्याची बादली उचलताना मणका दबतो, तर कधी साध्या घसरण्याने खुबा मोडतो.

यासाठी डेक्सा नावाची तपासणी करतात. तिच्यात दोन निरनिराळ्या शक्तींचे क्ष-किरण कण्यातून आणि खुब्यातून सोडतात. मांस आणि हाड हे दोन्ही किरण वेगवेगळ्या प्रमाणात अडवतात. त्यावरून हाडातील क्षारांची घनता काढता येते. किरणांची मात्रा अगदी अल्प असते. आलेल्या आकड्याची तुलना निरोगी तरुणांच्या सरासरीशी करतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली ठरवलेल्या मापाप्रमाणे घनता सरासरीपेक्षा अडीच प्रमाण-विचलनांनी किंवा त्याहून खाली असेल, तर अस्थिसुषिरता समजतात. प्रत्यारोपणानंतर पहिल्या काही महिन्यांतच ही तपासणी झाली, तर पुढच्या आकड्यांशी पडताळता येते. जोडीला रक्तातील कॅल्शियम, फॉस्फेट, जीवनसत्त्व ड आणि परावटू संप्रेरक हेही मोजतात.

स्टेरॉइडचा आणखी एक दुष्परिणाम घनतेच्या आकड्यात दिसत नाही. कधी कधी मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याचा रक्तपुरवठा खुंटतो आणि तो भाग मरतो. म्हणून अशा रुग्णाची जांघ किंवा खुबा सतत दुखू लागला, तर केवळ तेल चोळत न बसता डॉक्टरांना दाखवले पाहिजे.

पाइपांतल्या थरापासून औषधापर्यंत

हाडे विरळ होत असतील, तर त्यांवर औषध आहे आणि त्याचा जन्म मोठा मजेदार आहे. बॉयलरच्या नळ्यांत कठीण पाण्यामुळे क्षारांचा थर बसतो. तो बसू नये म्हणून पाण्यात फॉस्फेटवर्गीय रसायने घालतात. हर्बर्ट फ्लाइश या स्विस शास्त्रज्ञांना १९६०च्या दशकात आढळले, की आपल्या शरीरातही असेच एक द्रव्य, पायरोफॉस्फेट, क्षारांचे खडे जमण्यास अटकाव करते. पण ते पोटात घेतले तर टिकत नाही, त्याचे तुकडे होतात. मग त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच धर्तीची, पण न तुटणारी संयुगे तपासली. पायरोफॉस्फेटमध्ये दोन फॉस्फरस अणूंना ऑक्सिजनचा अणू जोडतो. या संयुगांत त्याच्या जागी कार्बनचा अणू असतो. हीच बिस्फॉस्फोनेट औषधे. ती हाडाच्या पृष्ठभागाला चिकटून बसतात. खोदणाऱ्या पेशीने तो भाग विरघळवला, की औषध तिच्या पोटात जाते आणि ती निष्क्रिय होते. एका अणूचा बदल, पण केवढा परिणाम!

तरीही ही गोळी सरसकट सर्वांना देत नाहीत. ती मूत्रपिंडावाटेच बाहेर पडते. नवे मूत्रपिंड पुरेसे काम करीत नसेल, तर जपावे लागते. काही रुग्णांच्या हाडांत खोदणे आणि बांधणे दोन्ही आधीच मंदावलेले असते; तेथे खोदणारे हात आणखी कमी करून उपयोग नाही. कॅल्शियमच्या गोळीचेही तसेच. परावटू ग्रंथी अजून जोरात असतील, तर रक्तात कॅल्शियम आधीच जास्त असू शकते. म्हणून आधी मापन, मग औषध, हा क्रम.

अन्न, ऊन आणि पायपीट

प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तर १०० मिलिलिटर गाईच्या दुधात साधारण १२०. दही, पनीर, तीळ, पालेभाज्या, काट्यासकट खाल्ली जाणारी बारीक मासळी हेही चांगले स्रोत आहेत. मात्र रुग्णाची प्रतिकारशक्ती मुद्दाम कमी ठेवलेली असते. म्हणून दूध उकळलेले आणि अन्न ताजे, शिजवलेले हवे.

उन्हाचे काय? येथे एक पेच आहे. जीवनसत्त्व ड त्वचेवर ऊन पडल्याने तयार होते. काचेआडच्या उन्हाने नव्हे, कारण त्यासाठी लागणारे अतिनील किरण काच अडवते. दिवसपाळीत छपराखाली काम आणि रात्रपाळीनंतर दिवसा झोप, अशा माणसाला पुरेसे ऊन मिळतच नाही. पण प्रत्यारोपणाच्या औषधांमुळे त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो, म्हणून या रुग्णांनी कडक उन्हात बसणे बरे नव्हे. तेव्हा रक्त तपासून जीवनसत्त्व ड औषधरूपाने घेणे हाच भरवशाचा मार्ग.

चालणे मात्र फुकटचे औषध आहे. हाडावर भार पडला, तरच आतले फोरमन ‘बांधा’ असा निरोप देतात. अंतराळवीरांना वजनरहित अवस्थेत भार जाणवत नाही, म्हणून त्यांच्या खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला १ ते दीड टक्क्याने घटते. शस्त्रक्रियेची जखम भरेपर्यंत जड उचलू नये. पण डॉक्टरांनी परवानगी देताच रोज चालावे, पुढे जमेल तशी निगडीच्या दुर्गा टेकडीसारखी चढणही चढावी. घरात ओल्या मोरीत पाय घसरणार नाही, जिन्यात दिवा असेल, एवढे पाहणे हाही उपचाराचाच भाग आहे. तंबाखू, सिगारेट आणि दारू हाडांचे शत्रू आहेत, हे सांगायला नकोच.

तुमच्यासाठी थोडेसे

मित्रांनो, हे सारे रुग्णांसाठी झाले. तुमचा संबंध काय? हाडांची ठेव वाढवण्याचे दिवस नेमके तुमचे आहेत. विशीपर्यंत हाडांची बहुतेक भरती होते आणि तिशीनंतर हळूहळू खर्च सुरू होतो. आज खेळून, पळून, नाचणी आणि दूध घेऊन जे साठवाल, ते पुढे आजारपणात उपयोगी पडेल.

एक काम करा. उद्या दिवसभर तुमच्या घरातील सर्वांनी काय खाल्ले ते वहीत लिहा आणि वरच्या आकड्यांवरून प्रत्येकाच्या कॅल्शियमचा अंदाज काढा. आणि ओळखीत कोणाचे प्रत्यारोपण झाले असेल, तर त्यांना आदराने एवढेच विचारा, “काका, गोळ्या वेळेवर घेता ना? हाडांची तपासणी करून घेतलीत का?” या एका प्रश्नाने एखादा मोडणारा खुबा वाचला, तर तुमचे विज्ञान शिकणे सार्थकी लागले असे समजा.